प्रकल्प भिंगरी : माझ्या पायांची नोंदवही

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

बडोद्यात मांडवीच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी कीर्तनाला बसले आणि पंधराव्या मिनिटाला उठले. बाहेर चपलांपाशी येरझारा घातल्या, बरं वाटलं, आत जाऊन बसले. पाच मिनिटांत पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी जागा धरून ठेवली होती, दुसऱ्यांदा उठले तेव्हा त्यांनी तिथे पिशवी ठेवून टाकली. उरलेलं कीर्तन मागच्या भिंतीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत ऐकलं.

हे मी बारा वर्षं ढकलत आले. आता वही घातली आहे. मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी मोजमापाची साधनं तपासते. मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्रेशर गेज, सगळ्यांची तारीखवार नोंद असते. स्वतःच्या पायांची का नसावी?

तक्रार नेमकी लिहून ठेवते. दुखत नाही. मुंग्या येतात असंही नाही. पोटरीच्या आत, हाडाला लागून, सोडावॉटरची बाटली हलवून बूच अर्धवट उघडावं तसं काहीतरी होतं. पाय शिवशिवतात. हलवला की थांबतं, थांबवला की सुरू होतं.

रकाने चार : किती वाजता सुरू झालं, रात्री किती वेळा उठले, दुपारी चारनंतर पोटात काय काय गेलं, झोप एकूण किती. नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो पंधरा दिवस पाळायचा.

९ जुलै, बुधवार

तीन रात्री. सुरुवात : साडेनऊ, नऊ, पावणेनऊ. उठले : ५, ६, ७ वेळा. झोप : साडेचार तास, चार, साडेतीन. आज गेजचा आकडा दोनदा उलटा लिहिला. पावसाची सर्दी आहे, ती वेगळीच.

१३ जुलै, रविवार

दांडिया बाजारला आत्याकडे गेले होते. तिला चौऱ्याहत्तर पुरी झाली. वहीबद्दल सांगितलं तर हसली. म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांच्या पायाला भिंगरी होती ती काय उगाच? आपल्या घराण्याचेच पाय तसे. आजोबा तर पोटरीला धोतराचं फडकं करकचून बांधून निजायचे."

बाबा रात्री वाड्याच्या गॅलरीत फिरायचे. तिसरी फळी सैल होती, ती दर फेरीला वाजायची. मी पांघरुणात पडून फेऱ्या मोजायचे. आई आतून म्हणायची, "झोपा हो आता, होईल काहीतरी." तिला वाटायचं दुकानाच्या कर्जाची काळजी आहे. कर्ज फिटलं त्या वर्षीसुद्धा फळी वाजतच होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे गेले. याआधी एकांनी "टेन्शन कमी करा" सांगितलं होतं आणि दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं होतं, म्हणून फारशी आशा न धरताच गेले होते. यांनी मशीन लावलं नाही, पाच प्रश्न विचारले. पाय हलवावेसे वाटतात का? बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढतं का? चालल्यावर, ताणल्यावर निदान तेवढा वेळ तरी थांबतं का? संध्याकाळी-रात्री जास्त असतं का? आणि पाचवा, दुसऱ्या कशानं तर होत नाही ना : पोटरीत गोळा येणं, अवघडून बसणं, सुजलेल्या शिरा, संधिवात? गोळा आला की स्नायू दगडासारखा लागतो आणि कळ येते. माझ्या पोटरीला रात्री हात लावला तर ती मऊच असते. पाचही खुणा जुळल्या.

नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, दुसरं नाव विलिस-एकबॉम. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली याचं वर्णन केलं होतं, आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४० च्या दशकात त्याला आजचं नाव दिलं. म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायच्या दोन वर्षं आधीच कुणीतरी हे नीट लिहून ठेवलंय, आणि मला २०२५ मध्ये टेन्शन कमी करायला सांगतात.

दहा प्रश्नांची, चाळीस गुणांची एक प्रश्नावली भरून घेतली. माझे गुण २४. एकवीस ते तीस म्हणजे तीव्र. परीक्षेत कधी असे गुण मिळाले असते तर! बाबांचं सांगितलं. सुमारे निम्म्या रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी हे असतं म्हणे.

तपासण्या : हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं. मूत्रपिंडाच्या आजारात आणि गरोदरपणातही हा त्रास होतो. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यापासून मी रात्र रात्र फिरत होते, त्याचं उत्तर एकोणीस वर्षांनी मिळालं.

१९ जुलै, शनिवार

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.३. फेरिटिन १९. सॅच्युरेशन १४ टक्के. साखर, क्रिएटिनिन ठीक.

फेरिटिनच्या पुढे लॅबची मर्यादा छापली होती, त्यात १९ आरामात बसत होतं. आकडा ठळक नाही, बाण नाही, काही नाही. नवरा म्हणाला, "नॉर्मल आहे की." मीही पाच मिनिटं तसंच समजले.

डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल काढला. फेरिटिन म्हणजे शरीराने कोठीत साठवलेलं लोह. ज्याचे पाय असे शिवशिवतात त्या मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ च्या खाली असेल, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यायचा विचार करायचा, असं या आजाराचे तज्ज्ञ मानतात. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरीही. कारण प्रश्न मेंदूतल्या लोहाचा आहे. डोपामिन म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, ते बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) काम करायला लोह लागतं, आणि या आजारात रक्तात लोह बरं असूनही मेंदूच्या काही भागांत ते कमी सापडतं. डोपामिनचं चक्र रात्री तसंही उताराला लागतं. म्हणून दिवसा मी धडधाकट आणि रात्री नऊ वाजता सोडावॉटर.

खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे गेज "पास" आहे की नाही हे नुसतं गेज पाहून कुणी सांगत नाही, ते कुठल्या कामाला लावायचं आहे ते आधी विचारतात. पाण्याच्या टाकीला चालणारं गेज बॉयलरवर चालत नाही. लॅबने टाकीची मर्यादा छापली होती. माझं काम बॉयलरचं होतं.

गोळी : लोहाची, एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध आणि ते जुनं कॅल्शियम दोन तास लांब. एक दिवसाआड का, तर एक डोस घेतला की शरीर दुसऱ्या दिवशी लोह शोषायचं दार थोडं ओढून घेतं. शौचाला काळं होईल, घाबरू नये. मनाने डोस वाढवू नये, लोह जास्त झालं तर तेही अंगावर येतं. पोटाला झेपलं नाही किंवा आकडा हललाच नाही तर शिरेतून द्यायचा मार्ग आहे. आणि कोठी रिकामी का झाली ते बघण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण दोन वर्षांपासून पाळी आठ-आठ दिवस चालते आहे. एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारे हे पहिलेच.

२१ जुलै, सोमवार

आजची नोंद शरमेची. डॉक्टरांनी परवा विचारलं होतं, "आणखी कुठल्या गोळ्या?" मी "काही नाही" म्हणाले. काल वही चाळताना तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात तीनदा लिहिलेलं सापडलं : "सर्दीची गोळी". ७, ८, ९ जुलै. सगळ्यात वाईट तीन रात्री त्याच. त्यानंतरही झोप यावी म्हणून मी ती अधूनमधून घेत होते, कारण तिने गुंगी येते.

पट्टीवर बारीक अक्षरात क्लोरफेनिरामीन. डॉक्टरांना फोन केला. तिकडून आधी एक सुस्कारा ऐकू आला. गुंगी आणणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या हा त्रास अनेकदा वाढवतात. उलटीची मेटोक्लोप्रमाइड तशीच, आणि नैराश्यावरची बरीचशी औषधंही. पण ती शेवटची कुणी मनाने थांबवायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. म्हणजे मी झोपेसाठी जी गोळी घेत होते तीच पायांना उठवत होती. सर्दीला आता वाफ.

२६ जुलै, शनिवार

सर्दीची गोळी बंद केल्यावरच्या पाच रात्री उठले : ४, ३, ३, ४, ३.

हिशेबात घोळ आहे. लोह १९ ला सुरू आणि सर्दीची गोळी २० ला बंद, म्हणजे दोन बदल एकदम. ऑडिटरने लाल शेरा मारला असता. पण लोहाची कोठी भरायला महिने लागतात, पाच दिवसांत काही होत नाही. हे श्रेय गोळी सोडल्याचंच.

३ ऑगस्ट, रविवार

चहा. पाच वाजता सासूबाईंबरोबर चहा हा आमच्या घरचा नित्यनेम. बंद करते म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. तडजोड : त्या चहा पितात, मी गवती चहाचं पाणी पीत समोर बसते. नऊ दिवसांत पायांत फरक शून्य. झोप मात्र लवकर लागते. काहींना कॅफीनने पायांचा त्रास वाढतो, मला तसं दिसलं नाही. तरी संध्याकाळचा चहा परत आणला नाही, आणि जेवणाबरोबरचा तर नाहीच, तो लोह अडवतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

सासूबाईंनी काशाची वाटी काढली. चहाचं प्रायश्चित्त मला द्यायचं की त्यांना घ्यायचं, कळलं नाही. म्हणाल्या, "बस पाटावर, पाय इकडे कर."

तळव्याला तूप चोपडलं आणि वाटीचं बूड टाचेपासून बोटांपर्यंत, मग उलट, मग गोल गोल. आधी गार लागलं. दहाव्या-बाराव्या फेरीला वाटी तापली आणि तूप राखाडी झालं, मग काळं. "बघ किती उष्णता निघाली." ते काळं वाटीच्या धातूमुळे येतं हे मला ठाऊक आहे, पण ज्यांच्या मांडीवर आपला पाय आहे त्यांच्याशी वाद घालू नये. मग पोटऱ्या. अंगठे खोल रुतवून खालून वर. सोडावॉटर बंद. पूर्ण बंद.

पंचवीस मिनिटं टिकलं. पण मी तेवढ्यात झोपले होते. चोळणं, ताणणं, गरम किंवा गार पाणी, यांनी मेंदूला दुसरी खबर जाते आणि पहिली दबते. इलाज नाही हा, पण झोपेच्या दारातून आत ढकलण्याइतकी ताकद त्यात आहे. वेळ महत्त्वाची : चोळून झाल्यावर टीव्ही नाही, सरळ अंथरूण.

१० ऑगस्ट, रविवार

आत्याकडे. मी फेरिटिनचं पुराण सांगत होते, तर ती म्हणाली, "मी घेते की नसांची गोळी. सहा वर्षं." डबा उघडला. रोपिनिरोल. पार्किन्सनमध्येही देतात ते, डोपामिनसारखं काम करणारं.

आधी रात्री नऊला एक घ्यायची. मग पाय सातलाच सुरू व्हायला लागले म्हणून सहाला. मग दुपारीही एक. आता दुपारी तीनला पाय सुरू होतात आणि गेल्या वर्षापासून हातही. तिला वाटतं वय.

कोपऱ्यात पार्सलांचा ढीग होता. स्टीलच्या डब्यांचे चार संच, दोन मिक्सर, एक ट्रेडमिलचा पट्टा, ट्रेडमिल नाही. "रात्री झोप येत नाही, मग मोबाइलवर बघते." माझी आत्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेणारी बाई.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आत्याला घेऊन त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी तिसराच प्रश्न विचारला, "खरेदी, पैसे लावून खेळणं, खाणं, यातलं काही हाताबाहेर गेलंय का?" आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुगली केली. मी एक अक्षर बोलले नव्हते.

या जातीच्या औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे. आणि पायांचं लवकर सुरू होणं, वाढणं, हातांत चढणं यालाही नाव आहे, ऑगमेंटेशन. औषध सुरुवातीला जादू करतं, मग वर्षांमागून वर्षं आजारच हळूहळू वाढवतं, आणि वाढला म्हणून डोस वाढवला की तो आणखी वाढतो. ज्या पट्टीने मोजायचं तीच ताणत गेल्यासारखं. २००५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेलं पहिलं औषध रोपिनिरोलच. तिथल्या झोपेच्या वैद्यकांच्या अकादमीने जानेवारी २०२५ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात रोपिनिरोल आणि त्याच्याच जातीचं प्रामिपेक्सोल सरसकट देऊ नये असं म्हटलंय आणि गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही वेगळ्या जातीची औषधं व लोह यांना पुढे आणलंय.

एकदम थांबवायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. दर काही दिवसांनी थोडं कमी. आधी फेरिटिन आणि क्रिएटिनिन, कारण त्याऐवजी द्यायच्या नव्या औषधाचा डोस मूत्रपिंड बघून ठरतो. चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना दिवा लावायचा आणि भिंत धरायची. खाली उतरल्यावर आत्या म्हणाली, "मिक्सर परत घेतात का गं?"

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

रात्री एकवीस मोदक. ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून दीड तास पाऱ्या केल्या, कळ्या पाडल्या. उठल्यावर लक्षात आलं की पाय गप्प होते. नऊ ते साडेदहा, माझी ऐन वेळ! हात आणि डोकं दोन्ही गुंतलेलं असलं की ते गप्प राहतात. टीव्हीसमोर नाही, कारण तिथे डोकं रिकामंच असतं. उद्यापासून रात्री शब्दकोडं.

३१ ऑगस्ट, रविवार

आत्याच्या रात्री भयंकर चालल्या आहेत. डोस निम्म्यावर आलाय आणि पाय सूड उगवताहेत. रात्री दोनला फोन : "मी घेऊन टाकते जुनी गोळी." पाऊण तास बोलत बसलो, ती तिच्या घरात फेऱ्या मारत, मी माझ्या. डॉक्टरांनी हे होणार म्हणून आधी सांगितलं नसतं तर तिने घेतलीच असती.

८ सप्टेंबर, सोमवार

पुण्याहून परत. येताना वरचा बर्थ मिळाला, त्यावर पाय हलवायला जागा नाही आणि खाली उतरायचं तर दोन माणसं उठवायची. सुरतपासून बडोद्यापर्यंत दोन डब्यांच्या मधे उभी. पुढच्या वेळी बाजूची खालची जागा.

लोहाने पोट जड आहे. भिजवलेले अंजीर, पाणी जास्त. निभतंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नवरात्र. बडोद्यात राहून गरबा न खेळणं म्हणजे पंढरपुरात राहून वारकऱ्याला न भेटणं. पहिले दोन दिवस मुलीबरोबर बारापर्यंत खेळले. पायांना मैदानात काही होत नाही, ते तर खूशच. घरी येऊन पडल्यावर मात्र दोन्ही रात्री ५ आणि ५ वेळा उठले. उशिराचा दमवणारा व्यायाम उलटतो. काल साडेदहाला निघाले, घरी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या, कोमट पाण्याच्या बादलीत पाय ठेवून अर्धं कोडं सोडवलं. उठले : २. मुलगी म्हणते, मम्मी, तू सिंड्रेला झालीस.

एरवी सकाळी कमाटी बागेत पाऊण तास चालते. त्याचा फायदा आहे. रात्रीच्या जागरणानंतरही उठायची वेळ सहाच ठेवली आहे, रविवारीसुद्धा. हा सगळ्यात कंटाळवाणा नियम आणि सगळ्यात कामाचा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फेरिटिन ४८. सॅच्युरेशन २३ टक्के. प्रश्नावलीचे गुण २४ वरून १३, म्हणजे तीव्रवरून मध्यम. पाळीवरचे उपचार सुरू आहेत, त्यामुळे कोठीला खालून पडलेलं भोकही बुजतंय.

मला सध्या प्रीगाबालिन नको, असं डॉक्टरांनी आणि मी ठरवलं. लोह चालू, पुढची तपासणी जानेवारीत. तेरावर अडकले तर तेव्हा बोलू.

कामावर चारच्या मीटिंगला मी आता मागे उभी राहते. साहेबांनी कारण विचारलं, सांगितलं. परवा त्यांच्या बायकोचा फोन आला, "माझंही असंच होतं हो रात्री." तिला पाच प्रश्न विचारले.

२ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी

काल उठले : १. झोप : सव्वासहा तास.

मंदिरात आत्याला घेऊन गेले. तिची जुनी गोळी बंद होऊन एकोणीस दिवस झाले. पाय आता रात्री आठनंतर, हात नाहीत. दुपारी ती झोपू शकते आणि झोपते, ही नवीनच भानगड. मिक्सर एक परत गेला, दुसरा मला दिला.

कीर्तनात चाळीस मिनिटं बसले. मग पाय सुरू झाले. मी आत्याकडे पाहिलं, तिचा अंगठा आधीच हलत होता. दोघी उठलो, मागे भिंतीपाशी गेलो. तिथे एक काका आधीपासूनच उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. आत्या त्यांना म्हणाली, "तुमचं फेरिटिन किती?"